आफ्रिकव्हिल : एका उठविलेल्या गांवाची हकीकत

शहर सुधारणें ही गोष्ट अशी आहे कीं, तिला उघड विरोध करण्यास सहसा कोणी धजत नाहीं. रुंद रस्ते, मोकळी हवा, नळाचें पाणी, झांकलेलीं गटारें या गोष्टी कोणास नको असतात? म्हणूनच सुधारणेच्या नांवाखालीं जेव्हां एखादी वस्ती समूळ उठविली जाते, तेव्हां तेथील रहिवाशांची बाजू घेणारा मनुष्य प्रगतीचा वैरी ठरतो, आणि ती वस्ती मुळांत गलिच्छ कोणी केली, हा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. कॅनडा देशांतील हॅलिफॅक्स शहराच्या उत्तर टोंकाला आफ्रिकव्हिल नांवाचें एक लहानसें गांव होतें. सुमारें ८० कुटुंबें आणि ४०० माणसें, एवढाच त्याचा पसारा. १९६४ ते १९७० या सहा वर्षांत तें गांव नाहींसें करण्यांत आलें. गांव लहान, पण त्याची हकीकत बारकाईनें पाहण्याजोगी आहे. कारण तें उठविणारांत दुष्ट माणूस शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

हॅलिफॅक्स ही नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी आणि अटलांटिक महासागरावरील एक मोठें बंदर. शहराच्या पूर्वेकडून समुद्राचा एक फांटा आंत शिरतो, एका चिंचोळ्या खाडींतून पुढें जातो आणि मग एकदम रुंदावून त्याला विस्तीर्ण सरोवराचें रूप येतें. या भागाला बेडफर्ड बेसिन म्हणतात. दोन महायुद्धांत युरोपकडे जाणाऱ्या जहाजांचे तांडे येथेंच गोळा होत असत. या बेसिनच्या दक्षिण कांठावरील उतारावर, पाण्याकडे तोंड करून, आफ्रिकव्हिलचीं घरें उभीं होतीं.

कॅनडा म्हणजे अमेरिकेंतील गुलामांना आश्रय देणारा देश, अशी एक समजूत आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत जे गुलाम आपल्या धन्यास सोडून ब्रिटिशांच्या बाजूला येतील त्यांस मुक्त करूं, असें वचन ब्रिटिश सेनापतींनीं दिलें होतें. युद्ध हरल्यावर, १७८३ सालीं, या वचनाच्या आधारावर सुमारें ३,००० कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाकडे निघाले. त्याच सुमारास आलेल्या गोऱ्या राजनिष्ठांनीं आपले गुलामही बरोबर आणले होते. एकाच धक्क्यावर उतरणाऱ्या दोन काळ्या माणसांपैकीं एक स्वतंत्र आणि दुसरा कोणाच्या तरी मालकीचा, असा तो मामला होता. कबूल केलेली जमीन मिळाली ती थोड्यांना, उशिरां आणि तीही बहुतेक खडकाळ. अखेर निराश होऊन १७९२ सालीं जवळजवळ १,२०० जण १५ जहाजांत बसून पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओनला निघून गेले. १७९६ मध्यें जमैका बेटांतील बंडखोर मरून लोकांना हद्दपार करून हॅलिफॅक्सला आणण्यांत आलें. येथील हिंवाळे व येथील सरकार या दोहोंना कंटाळून तेही १८०० सालीं सिएरा लिओनलाच गेले.

पुढें १८१२ सालीं इंग्लंड व अमेरिका यांच्यांत पुन्हां युद्ध जुंपलें. पुन्हां तेंच वचन, पुन्हां तीच गलबतें. या खेपेस आलेल्या सुमारें २,००० निर्वासितांपैकीं बहुतेकांना हॅलिफॅक्सच्या आसपास प्रेस्टन, हॅमंड्स प्लेन्स अशा ठिकाणीं वसविण्यांत आलें. जमिनीचे तुकडे लहान आणि निकस. आणि विशेष म्हणजे मालकीचा कागद न देतां केवळ वहिवाटीचा परवाना देण्यांत आला. ही कागदाची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें महत्त्व दीडशें वर्षांनीं कळून येणार होतें.

त्या जमिनींत पोट भरेना, तेव्हां कांहीं कुटुंबें कामाच्या शोधांत शहराकडे सरकूं लागलीं. १८४८ सालीं विल्यम ब्राउन आणि विल्यम आर्नल्ड या दोघांनीं बेसिनच्या कांठीं जमीन विकत घेतल्याची नोंद आहे. म्हणजे गांवाचा आरंभ रीतसर पैसे मोजून, रीतसर खरेदीखतानें झालेला आहे. हे लोक परक्याच्या जागेंत घुसून बसलेले होते, असें जें मागाहून सर्रास बोललें गेलें, त्याला या नोंदीनेंच उत्तर मिळतें. पुढच्याच वर्षीं तेथें बाप्टिस्ट पंथाची मंडळी स्थापन झाली. वस्तीला प्रथम कॅम्बेल रोड म्हणत. आफ्रिकव्हिल हें नांव मागाहून रूढ झालें.

यापुढचीं शंभर वर्षें हें गांव स्वतःच्या बळावर जगलें. पुरुषांपैकीं कोणी गोदींत हमाली करी, कोणी आगगाडीवर पोर्टर असे, कोणी बोटीवर खलाशी; बायका शहरांतील सुखवस्तु घरांत धुणें, स्वयंपाक आणि मुलें सांभाळणें अशीं कामें करीत. दाराशींच पाणी असल्यामुळें मासळीला तोटा नव्हता. घरें लाकडी, आपल्या हातांनीं बांधलेलीं, कांहीं नीटनेटकीं व रंगविलेलीं, कांहीं मोडकळीस आलेलीं. मुलगा लग्नाला आला कीं बाप आपल्या आवारांतील एक तुकडा त्याला दाखवून देई, शेजारीपाजारी हातभार लावीत आणि नवें घर उभें राही. या व्यवहारांत वकील नव्हता आणि नोंदणी कचेरीही नव्हती. कोणाची हद्द कोठून कोठपर्यंत, हें गांवांतील प्रत्येकाला पाठ होतें, आणि जें सर्वांस पाठ आहे तें लिहून कशाला ठेवावयाचें?

गांवाचें केंद्र म्हणजे त्याचें चर्च. 'सीव्ह्यू' या नांवानें तें ओळखलें जाई. ईस्टरच्या दिवशीं सूर्योदयापूर्वीं मंडळी प्रार्थनेस जमत. त्या प्रार्थनेची आसपास इतकी ख्याति होती कीं, बाहेरगांवचे काळे-गोरे लोक ती ऐकण्यास मुद्दाम येत. नवदीक्षितांचा बाप्तिस्मा बेसिनच्या थंडगार पाण्यांत होई. लग्नें, अंत्यविधि, गाऱ्हाणीं, सभा, सारें कांहीं तेथेंच. १८८३ सालीं गांवाला शाळा मिळाली. १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें गाऊन नांव मिळविणारी गायिका पोर्शिया व्हाइट ही तत्पूर्वीं या शाळेंत शिक्षिका होती. मुष्टियुद्धांत जगज्जेतेपद मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्ज डिक्सन याचा जन्म १८७० सालीं याच गांवचा. चारशें वस्तीच्या खेड्याला अभिमान वाटावा इतकें हें खास आहे.

आतां या गांवाला शहराकडून काय मिळालें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, वस्ती नुकती कोठें रुजत असतां, नोव्हा स्कोशिया रेल्वेचा रस्ता गांवाच्या मधोमध घालण्यांत आला. त्यासाठीं कांहीं जागा घेण्यांत आल्या, कांहीं घरें हलवावीं लागलीं. पुढें रूळ वाढत गेले; आगगाड्यांचा धूर आणि ठिणग्या दारांत, आणि मुलांनीं रूळ ओलांडूनच शाळेस जावयाचें. मग शहराला नको असलेली एकेक वस्तु या दिशेला येऊं लागली. तुरुंग बांधावयाचा, तर तो आफ्रिकव्हिलच्या माथ्यावर. शहराचा मैला पुरण्याचे खड्डे आफ्रिकव्हिलच्या कडेला. सांथीच्या रोगांचें इस्पितळ हवें, तें आफ्रिकव्हिलजवळ. हाडें दळण्याचा कारखाना, कत्तलखाना, यांनाही हीच जागा योग्य वाटली. यांपैकीं प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळीं कांहीं ना कांहीं कारण दाखविलें गेलें असेल. जागा स्वस्त, शहरापासून दूर, वाऱ्याची दिशा सोयीची, इत्यादि. सगळीं कारणें एकाच ठिकाणीं येऊन कां ठेपतात, याचें कारण मात्र कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. तें लिहिण्याची जरुरीही नव्हती.

जें मागितलें तें मिळालें नाहीं. आफ्रिकव्हिल हें हॅलिफॅक्स म्युनिसिपालिटीच्या हद्दींत होतें, तेथील लोक कर भरीत. पण नळाचें पाणी, सांडपाण्याचीं गटारें आणि फरसबंद रस्ता या तिन्ही गोष्टी त्या गांवांत शेवटपर्यंत आल्या नाहींत. विहिरींचें पाणी दूषित झालें, तेव्हां विहिरीपाशीं एक पाटी लागली, तिचा आशय असा कीं, पाणी उकळल्याशिवाय पिऊं नये व स्वयंपाकास वापरूं नये. १९६० नंतरच्या काळांत छायाचित्रकारांनीं या पाटीचीं चित्रें टिपलीं आणि तीं प्रसिद्ध झालीं. पाहणाऱ्याला तीं चित्रें गांवाच्या गलिच्छपणाचा पुरावा म्हणून दाखविण्यांत येत. नळ घालण्याचें काम कोणाचें होतें, हें चित्रांत दिसत नाहीं.

१९१७ सालच्या ६ डिसेंबरला हॅलिफॅक्सच्या चिंचोळ्या खाडींत दारूगोळ्यानें भरलेल्या एका फ्रेंच जहाजाची दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन प्रचंड स्फोट झाला. सुमारें २,००० माणसें मेलीं आणि शहराचा उत्तर भाग उध्वस्त झाला. जगभरांतून मदतीचा ओघ आला. त्यांतून रिचमंड भागांत काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या सुबक घरांची एक आदर्श वसाहत उभारण्यांत आली, ती आजही प्रेक्षणीय आहे. शेजारच्या आफ्रिकव्हिलमध्येंही घरें मोडलीं व माणसें दगावलीं होतीं, परंतु नव्या रचनेंत त्या गांवाला वांटा मिळाला नाहीं.

१९४७ सालीं म्युनिसिपालिटीनें आफ्रिकव्हिलची जमीन कारखान्यांसाठीं राखून ठेवण्याचें ठरविलें. या एका ठरावानें पुढचें सगळें पक्कें झालें. जेथें कारखाने यावयाचे तेथें नळ कशाला, गटारें कशाला? आणि नळ-गटारें नाहींत म्हणून वस्ती राहण्यास अयोग्य. वस्ती अयोग्य म्हणून ती हलविणें भाग. याच्यापुढें १९५० नंतरच्या दशकांत शहराचा उघडा उकिरडा आफ्रिकव्हिलच्या अगदीं कडेला आणून टाकण्यांत आला. धूर, माशा आणि उंदीर यांची त्यामुळें ददात राहिली नाहीं. गांवांतील कांहीं गरिबांनीं उकिरड्यांतून पितळ, तांबें, लांकूड निवडून विकण्याचा उद्योग आरंभिला. मग वर्तमानपत्रांनीं त्या लोकांचें वर्णन उकिरड्यावर जगणारे असें केलें. आधीं उकिरडा आला आणि मागाहून तो उद्योग आला, हा क्रम बातमींत उलटा झाला.

येथवरची हकीकत उपेक्षेची आहे, आणि उपेक्षेची हकीकत कोणत्याही शहरांत मिळेल. यापुढील भाग निराळा आहे. त्यांत विद्वान आहेत, सुधारक आहेत आणि त्यांची सदिच्छा खरी आहे.

महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत नगरनूतनीकरणाची मोठी लाट आली. १९४९ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें जुन्या वस्त्या पाडण्यासाठीं पैसा ओतण्यास आरंभ केला. डेट्रॉइट, पिट्सबर्ग, सेंट पॉल अशा किती तरी शहरांत काळ्या लोकांच्या नांदत्या पेठा हमरस्त्यांखालीं आणि नव्या इमारतींखालीं गेल्या. कॅनडांत लाट थोडी उशिरां पोंचली. हॅलिफॅक्सनें नगररचनेचे प्रोफेसर गॉर्डन स्टिव्हन्सन यांना बोलावून शहराच्या पुनर्रचनेचा अहवाल लिहविला. तो १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. अहवाल साऱ्या शहराविषयीं होता, आफ्रिकव्हिलच्या वांट्याला त्यांत थोडकाच मजकूर आला. पण निष्कर्ष स्पष्ट होता. रहिवाशांना इतरत्र न्यावें, जमीन शहराच्या वाढीस लागेल. १९६२ मध्यें म्युनिसिपालिटीच्या अधिकाऱ्यांनीं स्थलांतराची योजना मांडली. त्या सालीं सीव्ह्यू चर्चमध्यें भरलेल्या सभेंत गांवकऱ्यांनीं विरोध दर्शविला. आम्हांला नळ द्या, गटारें द्या, घरें बांधण्याचे परवाने द्या. घरें आम्हीच नीट करूं, असें त्यांच्या म्हणण्याचें सार होतें.

त्यांच्या मदतीला हॅलिफॅक्समध्यें मानवी हक्कांसाठीं एक सल्लागार समिति उभी राहिली. तींत काळे होते, गोरे होते. सारे सुशिक्षित, अन्यायाची चीड असणारे. त्यांची विचारसरणी समजण्यासाठीं त्या काळाची हवा ध्यानांत घेतली पाहिजे. १९४६ सालीं याच प्रांतांत हॅलिफॅक्सची एक कृष्णवर्णीय उद्योजिका व्हायोला डेझ्मंड हिला चित्रपटगृहांतील गोऱ्यांच्या जागीं बसल्याबद्दल फरफटत बाहेर काढून दंड करण्यांत आला होता. वंशभेद मोडावयाचा तर काळ्या-गोऱ्यांनीं एकत्र शिकावें, एकत्र राहावें, हा त्या काळचा पुरोगामी मंत्र होता आणि तो चुकीचाही नव्हता. १९५३ सालीं गांवची शाळा बंद झाली ती याच तत्त्वाच्या आधारें. या दृष्टीनें पाहतां, केवळ काळ्या लोकांचें एक वेगळें गांव म्हणजे वंशभेदाचाच अवशेष. तो जावा हें बरें. अशा रीतीनें गांव उठविण्याची भाषा आणि समतेची भाषा एक झाली. गांवकऱ्यांच्या पाठीशीं उभें राहावयास आलेली समिति स्थलांतर टळावें यासाठीं न भांडतां, तें माणुसकीनें व्हावें यासाठीं खटपट करूं लागली. गांवांतील बहुसंख्य लोकांचा या समितीशीं प्रत्यक्ष संबंध कधींच आला नाहीं.

समितीच्या सूचनेवरून टोरांटोचे प्रोफेसर आल्बर्ट रोझ यांना तज्ज्ञ म्हणून बोलावण्यांत आलें. टोरांटोमधील रीजंट पार्क या मोठ्या गृहयोजनेचा त्यांनीं अभ्यास केलेला होता. १९६३ च्या नोव्हेंबरांत ते आले, आफ्रिकव्हिलमध्यें कांहीं तास हिंडले, थोड्या लोकांशीं बोलले आणि परत गेले. वर्ष संपण्यापूर्वीं त्यांचा अहवाल आला : गांव हलवावें, मात्र नुकसानभरपाई उदार असावी, कायदेशीर मदत फुकट मिळावी, आणि स्थलांतरितांच्या नोकरी-शिक्षणाकडे पुढेंही लक्ष द्यावें. १९६४ च्या जानेवारींत गांवांत भरलेल्या एका सभेंत चाळीसएक माणसांनीं अहवालावर मत दिलें व बहुतेकांनीं मान्यता दिली. चारशें माणसांच्या गांवांत चाळीसांची मान्यता! त्याच महिन्यांत म्युनिसिपल कौन्सिलनें ठराव मंजूर केला. रोझ यांच्या अहवालांतील पहिला शब्द, म्हणजे 'हलवावें', हा अक्षरशः अमलांत आला. पुढच्या शब्दांचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे.

स्थलांतराचें काम पीटर मॅक्डॉनल्ड या एका समाजसेवकाकडे सोंपविण्यांत आलें. तो घरोघर फिरून प्रत्येक कुटुंबाशीं स्वतंत्रपणें सौदा करी. सर्व गांवानें मिळून एकच मागणी करण्याची सोय अशा रीतीनें राहिली नाहीं. शेजाऱ्याला किती मिळालें याचा अंदाज बांधीत प्रत्येकानें आपापला आंकडा ठरवावा, अशी स्थिति झाली. येथें कागदाचा प्रश्न पुढें आला. ज्यांच्याजवळ खरेदीखत होतें असे फार थोडे निघाले. इतरांची पणजोबांपासूनची वहिवाट, पण कचेरींतील दप्तरांत तिचा मागमूस नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हे लोक आगंतुक ठरले. त्यांना हक्क म्हणून कांहीं देणें नव्हतें, तर मेहेरबानी म्हणून ५०० डॉलर देऊं करण्यांत आले. आयुष्यभर बिनभाड्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला ५०० डॉलरांत शहरांत काय मिळणार? ज्यांनीं भांडून अधिक मिळविलें त्यांच्याही रकमेंतून इतर देणीं कापून घेतलीं गेल्याचीं उदाहरणें आहेत.

घर रिकामें झालें कीं यंत्र लावून तें तात्काळ पाडीत, म्हणजे दुसरें कोणी त्यांत शिरावयास नको. सामान नेण्यासाठीं म्युनिसिपालिटीनें वाहनें पुरविलीं. तीं कचऱ्याच्या गाड्या होत्या. वाहन रिकामें होतें, फुकट होतें आणि काम उरकावयाचें होतें, एवढाच विचार त्यामागें असेल. पण नव्या वस्तींत आपलें सामान कचऱ्याच्या गाडींतून उतरतांना शेजाऱ्यांनीं पाहिलें, हें आफ्रिकव्हिलची माणसें पुढें पन्नास वर्षें सांगत राहिलीं. पैशाच्या आंकड्यांपेक्षां हीच आठवण अधिक वेळां सांगितली जाते. कौन्सिलच्या ठरावांत वाहनांविषयीं चकार शब्द नव्हता.

१९६७ च्या २० नोव्हेंबरला, रात्रीच्या अंधारांत, सीव्ह्यू चर्च पाडण्यांत आलें. सकाळीं लोकांनीं पाहिलें तों तेथें ढिगारा. म्युनिसिपालिटीनें त्या इमारतीची रीतसर खरेदी केलेली होती, तेव्हां कायद्याप्रमाणें तिला तें पाडण्याचा अधिकार होता, याविषयीं वाद नाहीं. मग दिवसाउजेडीं कां नाहीं पाडलें? ज्यांची घरें अद्याप उभीं होतीं त्यांचाही धीर या दिवसानंतर खचला. चर्च नाहीं तेथें गांव कसलें, असें म्हणून पुष्कळांनीं सही करून टाकली.

शेवटपर्यंत राहिला तो आरन कार्व्हरी. वय सत्तरीच्या पुढें. गांवांत सारे त्याला 'पा' म्हणत. भोंवतालचीं घरें एकामागून एक गेलीं, यंत्रें त्याच्या कुंपणापर्यंत आलीं, तरी तो हलेना. त्याला नगरभवनांत बोलावून नेलें आणि त्याच्यापुढें नोटांनीं भरलेली एक पेटी उघडून ठेवली. आपल्याला मूर्ख समजून हा पैशाचा देखावा मांडला आहे, हें त्या म्हाताऱ्यानें ओळखलें आणि तो संतापून निघून गेला. परंतु एकट्यानें किती दिवस तग धरावयाचा? अखेर सुमारें १४,००० डॉलरांवर सौदा झाला आणि १९७० च्या २ जानेवारीस त्याचें घर पडलें. त्यानंतर आफ्रिकव्हिलमध्यें एकही घर उरलें नाहीं.

स्थलांतरितांपैकीं पुष्कळांना यूनियाक स्क्वेअर या नव्या सरकारी गृहयोजनेंत बिऱ्हाडें मिळालीं. तेथें नळ होता, वीज होती, शौचकूप होता. हें सारें खरें आहे आणि तें लहान नव्हे. पण मालक होता तो आतां भाडेकरू झाला. मासे नाहींत, आवार नाहीं, भाडें तर दर महिन्याला. कित्येक कुटुंबें तेथेंही टिकलीं नाहींत आणि माँट्रिअल, टोरांटोकडे पांगलीं. नोकरी व शिक्षण यांसंबंधींची जी पुढची योजना कबूल केली होती, ती अल्पावकाशांत आटोपली. डॉनल्ड क्लेअरमाँट व डेनिस मॅगिल या दोन समाजशास्त्रज्ञांनीं स्थलांतराच्या परिणामांची कसून चौकशी केली. त्यांचें पुस्तक १९७४ सालीं निघालें, आणि उदार कल्याणयोजना म्हणून गौरविलेला हा उद्योग कितपत फसला, तें त्यांत तपशीलवार दाखविलें आहे.

आणि ज्या कारखान्यांसाठीं हा खटाटोप, ते? गांवाच्या जागेवर कारखाने आलेच नाहींत. बेसिनच्या तोंडावरून जाणारा मोठा पूल १९७० सालीं खुला झाला, त्याच्या रस्त्यांखालीं कांहीं भाग गेला. उरलेल्या जमिनीवर बरींच वर्षें गवत वाढत होतें. १९८५ सालीं तेथें सीव्ह्यू पार्क नांवाचा सार्वजनिक बाग झाला. समुद्राकडची ती जागा फार रमणीय आहे, असें हॅलिफॅक्सच्या लोकांना तेव्हां प्रथम कळलें.

गांव उठविलें तेव्हां जे लहान होते, ते मोठे झाल्यावर या प्रकरणाला नवें तोंड फुटलें. एडी कार्व्हरी हा तरुण १९७० मध्यें गांवाच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला आणि पुढें कित्येक दशकें त्यानें तेथें तंबूंत, गाडींत, जमेल तसें राहून निषेध चालू ठेवला. १९८३ सालीं जुन्या रहिवाशांनीं व त्यांच्या वंशजांनीं आफ्रिकव्हिल जिनिऑलॉजी सोसायटी स्थापन केली. १९८९ मध्यें गांवाच्या जीवनाविषयीं एक मोठें प्रदर्शन भरलें. सामान्य कॅनेडियनांना त्यामुळें प्रथम समजलें कीं, उकिरड्याशेजारीं शाळा होती, गाणारें चर्च होतें, नीटनेटक्या बैठकीच्या खोल्या होत्या. १९९६ सालीं कॅनडा सरकारनें त्या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविलें, आणि त्याच सालीं वंशजांनीं शहराविरुद्ध दावा गुदरला. २००४ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनें आपल्या अहवालांत भरपाईची शिफारस केली. शेवटीं २०१० च्या २४ फेब्रुवारीस हॅलिफॅक्सचे मेयर पीटर केली यांनीं शहराच्या वतीनें जाहीर माफी मागितली. चर्चची प्रतिकृति उभारण्यासाठीं ३० लक्ष डॉलर आणि सुमारें अडीच एकर जमीन देण्याचें ठरलें. पुढच्या वर्षीं बागेचें नांव बदलून पुन्हां आफ्रिकव्हिल करण्यांत आलें, आणि जुन्या चर्चसारखीच एक इमारत तेथें उभी राहिली. ती संग्रहालय आहे. २०१४ सालीं कॅनडाच्या टपाल खात्यानें गांवाचें चित्र व सात लहान मुलींचा फोटो असलेलें तिकीटही काढलें.

या तडजोडींत व्यक्तिशः कोणालाही भरपाई नव्हती. कित्येक जुन्या रहिवाशांना ही गोष्ट मुळींच पटली नाहीं. माफी संस्थेच्या पदरांत पडली, पण घर गेलें तें आमचें, असें त्यांचें म्हणणें. आणि घरांच्या खरेदीखतांचा प्रश्न १९६४ सालीं जेथें होता तेथेंच राहिला. सोसायटीच्या स्थापनेपासून दर उन्हाळ्यांत या लोकांचें एक संमेलन भरूं लागलें. दूरदूरच्या शहरांतून कुटुंबें येत आणि कांहीं दिवस बागेंतच मुक्काम ठोकीत. जमिनीवर आतां कुंपणाची एकही खूण नाहीं, चढउतारही बदलून गेले आहेत. तरी आपापला तंबू कोठें द्यावयाचा हें ठरवितांना वडील माणसें गवतांत उभीं राहून हातानें हद्द दाखवीत, आणि जेथें ज्याचें घर होतें तेथेंच त्याचा तंबू लागे.